विळ्यासारखं रक्त

मोठ्या डॉक्टरांनी माझ्या अंगावरची चादर ओढली आणि विद्यार्थ्यांना म्हणाले, "बघा, बाजारातला बैल माजून आलाय."

सगळे हसले.

सोलापूरच्या एका दवाखान्यातला वॉर्ड. माझं लिंग पहाटेपासून ताठ होतं. त्यात इच्छा नव्हती, सुख नव्हतं. नुसती कळ. मी बैलांचा दलाल. मोहोळहून ट्रकमधून उभ्यानं आलो होतो, बसवत नव्हतं.

"काय खाल्लंस रे? कुणाची पुडी?"

"कायबी न्हाय खाल्लं साहेब. लई दुखतंय."

"तुम्हा लोकांना लाज नाहीच. बायको काय करते मग?"

पुन्हा हसू. बायको दाराशीच उभी होती, पदर तोंडात कोंबून.

बाजारात मी कुणाचं ऐकून घेत नसे. सौदा पटला नाही तर उठून जाता येतं. इथं कुठं जाणार? मी हात जोडले. ते बर्फ ठेवायला सांगून पुढच्या खाटेकडे गेले.

दुपारी विद्यार्थ्यांची दुसरी तुकडी आली. चादरीला पुन्हा हात लागला. मी तो हात धरला.

"आमच्यात बैलाचा भावसुदिक उपरण्याखाली बोटं धरून करत्यात, चारचौघांत न्हाय. मी तर माणूस हाय. आदी पडदा लावा, मग इलाज करा."

"याला बाहेर काढा रे!" मोठे डॉक्टर ओरडले आणि तणतणत निघून गेले. एका शिकाऊ डॉक्टरनं मात्र पडदा ओढला.

"सांधे दुखतात? डोळे पिवळे होतात?"

"व्हय. ल्हानपणापास्नं."

हे आजवर कुणी विचारलंच नव्हतं. त्यानं रक्त तपासलं. सिकलसेल. रक्तातल्या लाल प्रथिनाचा एक दुवा आईबापांकडूनच, जन्मापासून बदललेला. प्राणवायू कमी पडला की पेशी विळ्यासारख्या वाकतात, एकमेकींत अडकतात. रक्त लिंगात येतं, बाहेर पडत नाही.

सलाईन लागलं. सुईनं काळं, दाट रक्त काढलं. कळ गेली.

"सकाळीच काढायला हवं होतं," तो खाली बघत म्हणाला.

ते अंग पुन्हा कधी उठलं नाही. मूल झालं नाही. गाव माझ्या बायकोला वांझ म्हणतं, आणि ती ऐकून घेते.

आता मी ऐकून घेणार नाही. भावांना, बहिणींना रक्त तपासायला मीच घेऊन जाणार. आणि भर बाजारात माझ्या तोंडानं सांगणार: बायको वांझ नाही. आजार माझ्या रक्तात होता आणि इलाजाची वेळ मोठ्या डॉक्टरांनी हसण्यात घालवली. ज्याला हसायचंय, त्यानं माझ्या तोंडावर हसून दाखवावं.