चारशे बावन्नचा एल्डन

सामन नदीकाठच्या त्या गावात एल्डन टिपेटला कुणी काही विचारायची गरज नसे. तो आपणहून सांगायचा. गेली तीस वर्षं तो टायरवाल्याकडून चाकांचा तोल साधायची शिशाची वजनं आणायचा, गॅरेजात वितळवायचा आणि पिस्तुलाच्या गोळ्या ओतायचा. एवढ्या भांडवलावर मिजास अशी, की शिसं जणू यानंच शोधून काढलं. दुकानातल्या गोळ्या घेणारे त्याच्या लेखी माणसांत जमा नव्हते. आणि घरी ओतूनही त्याला न विचारता माप ठरवणारे तर त्याहून खालचे.

त्याचं माप एकच. पॉइंट पंचेचाळीसच्या रिव्हॉल्व्हरला गोळी इंचाच्या चारशे बावन्न हजारांश जाडीची. साचा त्याच बेताचा आणि ओतलेली गोळी ज्यातून दाबून सारखी करायची ती डायही त्याच मापाची.

"नळी कसली मोजत बसताय? बूट घ्यायला निघालात का?" असं तो गावातल्या नेमबाजीच्या क्लबात ज्याला त्याला ऐकवायचा आणि लोक माना डोलवायचे. माना डोलवणाऱ्यांची त्या क्लबात कधी टंचाई नव्हती.

वेंडल हॅच हा त्याचा शाळेपासूनचा मित्र. वेंडलची रिव्हॉल्व्हर वडिलांच्या वेळची, जुन्या घडणीची. एल्डननं ओतून दिलेल्या गोळ्या तिच्यातून वाट फुटेल तिकडे जायच्या. नऊ वर्षांपूर्वी एल्डननं चारचौघांत निकाल दिला, "माझ्या गोळीला काही धाड भरलेली नाही. तुझा हात थरथरतोय, वेंडल. दारू कमी कर."

वेंडल आयुष्यात दारूला शिवला नव्हता. पण क्लबाच्या संघातून त्याचं नाव गेलं. त्यानं नेमबाजी सोडली आणि सामन्याच्या दिवशी क्लबाच्या स्वयंपाकघरात राजमा-खिम्याची चिली रांधायला लागला. एल्डन ती दोन वाट्या खायचा, आभार न मानता.

यंदा वेंडलनं रिव्हॉल्व्हर गावातल्या दुकानात विकायला ठेवली. एल्डननं ती लगोलग उचलली आणि गावभर सांगत सुटला, "वसंतातल्या सामन्यात हीच चालवतो. दोष बंदुकीचा होता की हाताचा, बघूनच घ्या सगळे." त्याचा तीस वर्षांचा शब्द त्यानं पणाला लावला तो असा, कुणी मागितलेला नसताना.

सामन्याच्या शनिवारी सकाळी सगळा क्लब बघायला जमला. एल्डननं पाच गोळ्या झाडल्या. पाचांपैकी दोन निशाणाच्या कागदावर लागल्या, त्याही आडव्या. भोकं गोल नव्हती, लांबट होती.

"वारा आहे," एल्डन म्हणाला. झाडाचं पानही हलत नव्हतं.

शाळेची बस चालवणारी जोलीन हक शेजारच्याच बाकावर होती. ती म्हणाली, "एल्डन, या जुन्या नळ्या सैल असतात हो, बारीक गोळी त्यांतून लोळत जाते. माझ्या आजोबांचीही अशीच आहे. मऊ शिशाचा तुकडा नळीतून ठोकून काढला आणि मोजला. चारशे चोपन्न भरला."

"मग मोठी डाय लावायची! त्यात काय एवढं?"

"आणि साच्यातूनच गोळी बारीक पडली तर? डाय काय तिला फुगवणार आहे? डाय फक्त दाबते. मी आधी साचा शोधला, चारशे पंचावन्नची गोळी टाकणारा. डाय मागाहून घेतली." तिनं पाच गोळ्या पुढे केल्या. "घ्या, माझ्या झाडून बघा."

"बसवाल्या बाईकडून शिकायचे दिवस आले म्हणायचे!" पण लोक बघत होते. या गोळ्याही भरकटल्या, की आपण सुटलो, असा हिशेब करून त्यानं त्या भरल्या.

पाचही गोळ्या कॉफीच्या कपाच्या तोंडाएवढ्या जागेत लागल्या.

कुणी टाळी वाजवली नाही. जे काही सिद्ध झालं होतं ते प्रत्येकाला कळलं होतं, आणि नऊ वर्षांपूर्वी माना डोलवलेले सगळे आपापले बूट निरखू लागले. भेकड लेकाचे! एल्डननं कागद खाली काढला, रिव्हॉल्व्हर रिकामी केली आणि स्वयंपाकघराकडे निघाला. उभ्या जन्मात जे म्हटलं नव्हतं ते म्हणायचं, असं चालताना त्यानं खरोखर ठरवलं होतं. 'चूक माझी होती.' तीन शब्द.

वेंडल पातेलं ढवळत होता. एल्डननं कागद आणि रिव्हॉल्व्हर खिडकीच्या फळीवर ठेवली.

वेंडलनं चष्मा कपाळावर सरकवला, कागद नाकाजवळ धरला आणि पाचही भोकांवरून बोट फिरवलं. बराच वेळ फिरवलं.

"ही तुझी तू परत घे," एल्डन म्हणाला.

"आता घेऊन काय करू? मला नळीच्या टोकाची नेम धरायची माशीसुद्धा दिसत नाही, एल्डन. म्हणून तर विकली." त्यानं कागदाची नीट घडी करून ती एप्रनच्या खिशात ठेवली आणि वाटी भरून पुढे सरकवली. "खा. गार होईल."

एल्डननं एक चमचा खाल्ला. वेंडल त्याच्या तोंडाकडे बघत थांबला होता.

"मीठ कमी आहे," एल्डन म्हणाला.