साहेब दरवर्षी खाली का बसायचा

आत्या म्हणजे माझ्या सासऱ्यांची मोठी बहीण. लग्न केलं नाही, आणि का केलं नाही हे विचारायची कोणाची छाती झाली नाही. नाकावर माशी बसू द्यायच्या नाहीत. आमच्याकडे जेवायला आल्या की आधी माझा चष्मा काढून घ्यायच्या, उजेडाकडे धरायच्या आणि म्हणायच्या, "या काचांतून बघून स्वयंपाक करतेस होय? मग बरोबर आहे." मी पडले सून. उत्तर द्यायचे, पण आत जाऊन, भांड्यांना.

एकतीस वर्षं त्यांनी चष्म्याच्या कारखान्यात काचा घासल्या. एक लांबट खोली, सहा यंत्रं, प्रत्येकावर पाण्याची बारीक धार आणि दिवसभर कानठळ्या बसवणारी घरघर. एकदा डबा द्यायला गेले तर आत्या चाकावर काच टेकवून पुटपुटत होत्या. "कोणाशी बोलताय?" मी कानाशी जाऊन ओरडले. "कोण बोलतंय?" त्या म्हणाल्या, आणि पुन्हा ओठ हलू लागले. काच मापात आली की ओठ थांबायचे. शेजारच्या यंत्रावरच्या बाईने मला डोळ्याने खुणावलं, म्हणजे चालू दे, यांचं रोजचंच आहे.

वयाच्या बावन्नाव्या वर्षी त्यांनी कुत्रा घेतला. पांढरा, कुरळ्या केसांचा, उंची जातीचा. नाव ठेवलं साहेब. "जन्म साहेबाच्या हाताखाली गेला," त्या म्हणाल्या, "आता एक साहेब माझ्या हाताखाली राहू दे." पहिल्याच महिन्यात त्यांनी कारखान्यात फोन केला, की साहेबांना जुलाब होतायत, मी आज येत नाही. संध्याकाळी कारखान्याच्या मालकांच्या घरी तिघेजण नारळपाणी घेऊन हजर! मालक ठणठणीत, दारात उभे, आणि काय चाललंय ते त्यांना कळेना.

साहेबाला शिकवलं मात्र झकास. बाकीचे लोक आपल्या कुत्र्यांशी सिट, स्टँड असलं काहीबाही बोलायचे. आत्यांचं म्हणणं, घरात जी भाषा तीच कुत्र्याशी. ये, थांब, ऊठ, बस. एकदा सांगितलं की साहेब ऐकायचा. दुसऱ्यांदा सांगायची वेळ आली नाही कधी.

मग त्यांनी डोक्यात घेतलं, की श्वानप्रदर्शनात चषक आणायचा. एकच, पण आणायचा.

ते प्रदर्शन म्हणजे मोठी करमणूक असायची. एक डॉक्टरीणबाई कुत्रीला उन्हाचा त्रास नको म्हणून छत्री धरायला वेगळा माणूस आणायच्या, आणि स्वतः उन्हात. एका नवराबायकोचे जुळे कुत्रे होते. ती दोघं एकमेकांशी अकरा वर्षं बोलत नव्हती, जे काय ते कुत्र्यांमार्फत. "सांग त्यांना, किल्ल्या त्यांच्याच खिशात आहेत." एक मिशीवाले गृहस्थ कुत्र्याच्या आधी स्वतःचे केस विंचरायचे. या सगळ्यांत आमच्या आत्या म्हणजे शहाणपणाचा पुतळा, असं त्यांना वाटायचं.

रिंगणात कुत्र्याने परीक्षकासमोर अर्धं मिनिट चारी पायांवर उभं राहायचं. परीक्षक दात बघतो, पाठीवरून हात फिरवतो, शेपटी उचलतो. तेवढ्यात कुत्रा खाली बसला की बाद.

साहेब बसायचा.

पहिल्या वर्षी बसला, आम्ही म्हटलं नवखा आहे. दुसऱ्या वर्षी बसला, आम्ही म्हटलं उन्हाळा आहे. तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या वर्षी काही म्हणायचं सोडून दिलं. घरी तासभर खांबासारखा उभा राहणारा कुत्रा रिंगणात परीक्षकाचा हात लागायच्या आत बूड टेकायचा आणि आत्यांकडे असा बघायचा, जणू शाबासकी हवी आहे. "मुद्दाम करतो मेला," आत्या म्हणायच्या, "चार लोकांत माझं नाक कापायला." प्रदर्शनानंतर आठ दिवस त्या त्याच्याशी बोलायच्या नाहीत. जेवण द्यायच्या, फिरवून आणायच्या, पण तोंड बंद. साहेब टेबलाखाली पडून त्यांच्या पायांकडे बघत राहायचा. मला तेव्हाही ते बरं वाटलं नव्हतं, पण सांगणार कोण?

सहावं वर्ष शेवटचं होतं. आठ वर्षांवरच्या कुत्र्याला रिंगणात घेत नाहीत, असा नियम. आणि नेमके त्याच वर्षी सिनेमावाले आले. कुत्र्यांच्या स्पर्धेतल्या विक्षिप्त मालकांवर विनोदी चित्रपट काढत होते, आणि खऱ्या प्रदर्शनातले खरे मालक त्यांना हवे होते. आत्यांना त्यांनी "श्वानप्रेमींवर चित्रपट" एवढंच सांगितलं. "विनोदी" हा शब्द गिळला. दिग्दर्शिका म्हणाली, "तुम्ही जशा आहात तशाच वागा." एक पोरगेलासा माणूस आला आणि त्याने आत्यांच्या नव्या जाकिटाच्या कॉलरला बोंडाएवढा माइक अडकवला. आत्या खूश. चषक मिळणार, तोही पडद्यावर.

परीक्षक आला. साहेब उभा. परीक्षक वाकला. साहेब बसला.

त्याच संध्याकाळी आत्यांनी पट्टा आणून माझ्या हातात दिला. "ठेवा तुमच्याकडे. मला याचं तोंड बघायचं नाही." मला वाटलं, आठ दिवसांचा राग आहे. तो आठ महिने टिकला. आत्या रविवारी यायच्या तेव्हा साहेब धावत जाऊन समोर उभा राहायचा. त्या खुर्ची वळवून घ्यायच्या. सासरे एकदा म्हणाले, "ताई, मुकं जनावर आहे गं." त्या म्हणाल्या, "मुकं असेल, बहिरं तर नाही ना?" माझी मुलगी मात्र आनंदात होती. साहेब तिच्या पलंगाखाली झोपायचा, आणि मी दोन्ही वेळा केस झाडत आणि करवादत फिरायचे.

मग चित्रपट लागला. आत्या, माझा नवरा आणि मी दुपारच्या खेळाला गेलो. छत्रीवाली डॉक्टरीणबाई आली, लोक हसले, आत्याही हसल्या. "अगदी अशीच आहे हो ती!" किल्ल्यांवाली जोडी आली, आत्यांच्या डोळ्यांत हसून पाणी आलं. मग पडद्यावर जाकीट दिसलं आणि त्या सावरून बसल्या.

परीक्षक लांबून येत होता. आत्यांचा चेहरा पडदाभर, ओठ हलतायत. आणि कॉलरच्या त्या माइकने टिपलेला आवाज सबंध थिएटरभर घुमला. "अजून जरा... एवढं एकदा... बस... एवढंच रे... बस."

साहेबाने मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं आणि तो बसला.

थिएटर डोक्यावर घेतलं लोकांनी. खोटं कशाला सांगू, मीही खो खो हसले. नवऱ्याने कोपराने ढोसलं तेव्हा शेजारी पाहिलं. आत्यांनी पुढच्या खुर्चीची पाठ दोन्ही हातांनी धरली होती.

"अगं, हे मी बोलले?"

"हो, आत्या."

"दरवर्षी बोलले असेन?"

चाकावर हलणारे ते ओठ मी पाहिले होते. आवाज मात्र त्या घरघरीत एकतीस वर्षांत कोणाला ऐकू गेला नव्हता, त्यांना स्वतःलाही नाही.

"म्हणजे तो ऐकत होता," त्या म्हणाल्या. "सहाही वर्षं तो माझंच ऐकत होता."

त्या उठल्या आणि लोकांच्या गुडघ्यांवरून वाट काढू लागल्या. मागून कोणीतरी ओरडलं, "ओ बाई, खाली व्हा, दिसत नाहीये!" नवरा आणि मी त्यांच्यामागे धावलो.

रिक्षा करून आम्ही तिघं आमच्या घरी आलो. मुलीने दार उघडलं. तिच्या पायांतून साहेब बाहेर आला आणि नेहमीसारखा आत्यांसमोर उभा राहिला. आत्यांनी डाव्या हाताने स्वतःचं तोंड घट्ट दाबून धरलं. तशाच गुडघ्यांवर खाली झाल्या. उजव्या हाताने त्यांनी त्याचे दात पाहिले, पाठीवरून हात फिरवला, शेपटी उचलली. साहेब चारी पाय रोवून उभा होता. अर्धं मिनिट झालं, एक झालं, दोन झाली. हलला नाही.

"आज्जी बोलत का नाहीये?" मुलीने मला विचारलं. मी तिला गप्प केलं.

शेवटी आत्यांनी तोंडावरचा हात काढला, त्याच्या गळ्यात घातला आणि हमसून हमसून रडल्या. मी त्यांना कधी रडताना पाहिलं नव्हतं. सासरे दारातून मागे सरले. मी साहेबाची ताटली आणि टॉवेल पिशवीत भरला. आठ महिने केसांवरून कटकट करणारी मी, पण पिशवीची गाठ मारताना मलाच जड गेलं. मुलगी तर आधीच रुसून आत गेली होती.

"त्याला मी काय काय बोलले गं," आत्या म्हणाल्या.

त्यांना बरं वाटावं म्हणून मी म्हटलं, "जाऊ द्या आत्या, कुत्र्याला कुठे सगळं कळतं?"

"कळतं गं," त्या म्हणाल्या. "तेच तर."