पंखा तर फिरतच होता

भुताखेतांचे किस्से वाचून हसणारा माणूस आहे मी. आजही मानत नाही. पण हे माझ्यासोबत झालंय, आणि लिहितानाही डोकं तापून राहिलंय.

जबलपूरला रिछाईत माझं छोटं वर्कशॉप आहे, दुकानांच्या पाट्या कापायचं. कापायचं मशीन कॉम्प्युटरवर चालतं. कॉम्प्युटर सुरू झाला की जड कटर आपोआप धावत कोपऱ्यात जातो... वेळ वाचावा म्हणून ती सेटिंग मीच केली होती.

मदरबोर्ड जळला. सदर बाजारातल्या एका कॉम्प्युटरवाल्या भैयाने नवा बसवून दिला. तेव्हापासून रोज तेच! काळा स्क्रीन आणि ‘सीपीयू फॅन एरर, एफ-वन दाबा’. एफ-वन दाबलं की मग रडतखडत सुरू. माझा चहा पिऊन व्हायचा तरी कॉम्प्युटरचा पत्ता नाही. भैयाने पंखा बदलला, वायर बदलली, आणि वर मलाच ऐकवतो, "भाईसाहब, पंखा तो घूम रहा है ना? एफ-वन दबाओ, काम करो." अरे, मग नवा बोर्ड काहून घेतला मी?

त्यात खंडेनवमी आली. आमच्यात त्या दिवशी अवजारं पुजतात, चालवत नाहीत. पण दसऱ्याला पाट्या द्यायच्या होत्या. घमापूरला घरी आईला सांगून टाकलं, यंदा पूजा नाही, मशीन चालणार.

कामगार सुट्टीवर. मी एकटाच केबिनमध्ये. बटण दाबलं – एरर. एफ-वन दाबलं... काही नाही. पुन्हा दाबलं. कीबोर्डचा लाइट लागत होता, पण एफ-वन ढिम्म. दुसरा कीबोर्ड लावला, तेच. कॅबिनेटवर दोन चापट्या हाणल्या, भैयाला जोरजोरात शिव्या घातल्या आणि मेन स्विच बंद करायला तणतणत मशीनच्या मागे गेलो. केबिनमधून ती बाजू दिसत नाही.

मागे आई होती.

ऑटो करून आली होती, मागच्या दाराने आत शिरली होती. गुडघे टेकून, डोकं कटरच्या वाटेत घालून पात्याला कुंकू लावून राहिली होती. शेजारी हळदीकुंकवाचं ताट.

"काहून ओरडून राहिला रे? सणाचा दिवस आहे," ती म्हणाली.

"आई, बाहेर नीघ!" तिला अक्षरशः ओढलं. मग नको नको ते बोललो. मरायचं होतं का तुला, विचारलं.

"तू म्हणाला पूजा नाही. मी म्हटलं, मी करते," एवढंच बोलली. मी तिथेच फरशीवर बसून रडलो.

दसऱ्याला मशीनची वायर काढून कॉम्प्युटर लावला. एरर नाही. चटकन सुरू! कोणी हातसुद्धा लावला नव्हता.

"कनेक्शन लूज रहा होगा, बैठ गया," भैया म्हणतो. मग एफ-वन त्याच दिवशी काहून चाललं नाही? नातेवाईक म्हणतात देवीची कृपा. त्याचाही संताप येतो. कृपाच करायची तर तिला तिथवर जाऊच कशाला दिलं?

कटरची ती सेटिंग काढून टाकली. कॉम्प्युटर आता मस्त चालतो, सगळे खूश आहेत. मी मात्र रोज बटण दाबायच्या आधी मागे जाऊन बघतो. परवा भैयाला फोन केला, "वो एरर वापस ला सकते हो क्या?"

तो हसला. मी फोन आपटला.