भावजींचं पोलंड

आमच्या भावजींइतका पोलिश माणूस खुद्द पोलंडात सापडायचा नाही. तिथल्या लोकांना बिचाऱ्यांना नोकरी, पोरंबाळं, दुखणीखुपणी अशी शंभर कामं असतात. भावजींना पोलिश असणं हे एकच काम होतं, आणि ते त्यांनी आठ वर्षं दुबईच्या डिस्कव्हरी गार्डन्समधल्या फ्लॅटमध्ये बसून एकही सुट्टी न घेता केलं. भावजी म्हणजे माझ्या नवऱ्याचे आतेभाऊ. मूळचे कोल्हापूरचे, इथे एका कंपनीत गोदामाचे मॅनेजर, रंगाने माझ्याहून सावळे आणि रस्सा भुरकताना शेजारच्या टेबलाने वळून पाहावं असा आवाज करणारे. डोळे मात्र घारे. पोलंडचा म्हणून जो काही ऐवज त्यांच्यापर्यंत पोचला होता तो एवढाच.

त्यांच्या वडिलांची आई पोलिश होती हे खरं. महायुद्धात पोलंडमधून परागंदा झालेली हजारो बायकामुलं कोल्हापूरजवळ वळिवड्याच्या छावणीत राहिली होती. त्यातली एक तरुण मुलगी छावणीला भाड्याने सायकली पुरवणाऱ्या दुकानदाराच्या प्रेमात पडली, आणि छावणी उठली तेव्हा एकटी मागे राहिली. हेलेनाची सुलोचना झाली. माझ्या नवऱ्याला ती आठवते ती लसणाची चटणी कुटणारी आणि नळावर अस्सल कोल्हापुरीत भांडणारी गोरी आजी म्हणून. पोलंडचं नाव ती चुकूनही काढत नसे. ते काम बहुधा तिने नातवासाठी शिल्लक ठेवलं होतं.

भावजींना कुणी साधेपणाने विचारलं, की काय हो, तुम्ही पोलंडच्या नागरिकत्वासाठी अर्ज केलाय म्हणे, की ते चमचा खाली ठेवत. “वहिनी,” त्यांनी मला एकदा बजावलं होतं, “अर्ज बाहेरच्यांनी करायचा असतो. मी ऑलरेडी पोलिश आहे. फक्त ते त्यांना कळवायचं राहिलंय.” त्यांच्या मते तिथला कायदाच असा होता, की आईबापांकडून आलेलं नागरिकत्व जन्मतःच मिळतं, सरकार नुसतं त्यावर मान डोलावतं. मी म्हटलं, पण आपल्याकडे दोन देश चालत नाहीत ना, मग भारताचं जाईल की. तर म्हणाले, जाईल कसं, मी नवीन घेतलंय कुठे, ते तर जन्मापासून अंगावर आहे. जणू देवीची लसच. त्या क्षणापर्यंत ते भारताच्या पासपोर्टवर सत्तावीस वर्षं आखातात राहिले होते आणि पोलंडला याची काहीही कल्पना नव्हती, ही गोष्ट त्यांच्या लेखी पोलंडच्या गलथानपणात जमा होती.

नागरिकत्व मिळतं कसं यापेक्षा ते जातं कसं, यावर त्यांचा अभ्यास दांडगा होता. शंभर वर्षांपूर्वीच्या तिथल्या कायद्यात म्हणे असं कलम होतं, की परवानगीशिवाय परक्या सैन्यात गेलं किंवा परक्या सरकारचं पद घेतलं तर नागरिकत्व संपलं. हे वाचल्यापासून भावजींची झोप उडाली, कारण आजीने कोल्हापुरात काही दिवस बायकांचा शिवणाचा वर्ग चालवला होता. तो वर्ग नगरपालिकेचा की खासगी, हे शोधायला त्यांनी दोन महिने गावाकडे फोन केले. शेवटी नव्वदीच्या एका बाईंनी सांगितलं, की वर्ग कसला, दोन मशिनी होत्या आणि त्यातली एक बंद. तेव्हा त्यांनी आम्हाला घरी बोलावून बासुंदी खाऊ घातली. त्याच वर्षी आमच्या महाराष्ट्र मंडळाने त्यांना गणेशोत्सवाचं चिटणीसपद देऊ केलं, तर या गृहस्थांनी ते नाकारलं. परक्या देशात पद स्वीकारणं रिस्की आहे, असं त्यांनी कमिटीला लेखी कळवलं. मंडपात खुर्च्या लावणं हे पद आहे असं वाटणारा हा पृथ्वीतलावरचा एकमेव माणूस असेल.

बाकी प्रकार सांगायचे तर संपायचे नाहीत. त्यांच्या घरी दर शनिवारी बिटाचं पोलिश सूप होई, आणि त्यात चवीसाठी कोल्हापुरी कांदा-लसूण मसाला. खाणाऱ्याच्या डोळ्यांतून पाणी आलं की ते म्हणत, बघा, मुळांची ओढ. भाषा ते गाडी चालवताना मोबाइलवरून शिकत. एकदा आम्ही सगळे खोर फक्कानच्या किनाऱ्यावर सहलीला गेलो असता, तिथे एक पोलिश जोडपं आलंय असा त्यांना सुगावा लागला. त्यांनी शर्ट खोचला, केस सारखे केले आणि जाऊन पाच मिनिटं अस्खलित बोलले. ती बाई फार लक्ष देऊन ऐकत होती. मग तिने नम्रपणे इंग्रजीत विचारलं, की ही भारतातली कुठली भाषा. भावजींच्या लेकीने टॉवेल डोक्यावर ओढून घेतला. “बाबा, प्लीज, नॉट अगेन,” एवढंच ती म्हणाली. भावजी मात्र परत येऊन सांगू लागले, की त्या बाईचे उच्चार खेड्यातले होते.

मी या माणसाला मनसोक्त हसले आहे. तोंडावर हसले, पाठीमागे हसले, भिशीत त्यांची नक्कल करून बायकांना हसवलं. एकदाच थोडी अडखळले. त्यांच्या समोरच्या फ्लॅटमधले हिशेबनीस पंचावन्न वर्षांचे झाले, कंपनीने नियमाप्रमाणे त्यांचा विझा कॅन्सल केला, आणि पंचवीस वर्षांचा संसार महिन्याभरात सोफ्यासकट विकून ते कुटुंब निघून गेलं. त्यांना विमानतळावर सोडून परतताना भावजी गाडीत म्हणाले, “वहिनी, माझीही दोनच वर्षं राहिली. एक तरी जागा अशी पाहिजे, जिथे मला कुणी कॅन्सल करू शकणार नाही.” मी म्हटलं, कोल्हापूर आहे की, यल्ला, चला, जाऊन राहा. तर म्हणाले, “तिथे मी अजून गोरणीचा नातू आहे.” पण पुढच्या शनिवारी सूप प्यायला लागलं आणि माझी सहानुभूती संपली.

अखेर वॉर्सातल्या एका वकीलबाईंनी त्यांचं काम घेतलं, आणि भावजींनी आपला हुकमाचा पत्ता बाहेर काढला. तो म्हणजे आजी-आजोबांच्या नोंदणी लग्नाचा दाखला. आता हे इथे राहणाऱ्यालाच कळेल. अमिरातीत बायकोला आणायचं तर लग्नाचा दाखला अटेस्ट करा, घर घ्यायचं तर दाखला दाखवा. मुलगी जन्मली तरी पहिल्यांदा विचारतात तो दाखलाच. सत्तावीस वर्षांत भावजींच्या हाडीमासी खिळलं होतं, की जगातलं कुठलंही बंद दार लग्नाच्या शिक्का मारलेल्या कागदाने उघडतं. त्यांनी गावाकडून तो दाखला मिळवला, मुंबईहून त्यावर शिक्के घेतले, आणि मूळ प्रत फ्रेम करून हॉलमध्ये लावली. वकीलबाईंशी व्हिडिओवर बोलायच्या दिवशी ती आपल्या डोक्यामागे नीट दिसावी म्हणून त्यांनी खुर्ची तीनदा हलवली. आम्हाला मुद्दाम बोलावलं होतं; नवरा कामावर अडकला, म्हणून मी एकटीच गेले. पेढे आणून ठेवलेले होते. मी लॅपटॉपच्या मागे, त्यांच्या समोर उभी होते.

वकीलबाई सरळ आणि स्वच्छ बोलणाऱ्या होत्या. त्यांनी सांगितलं, की तुमच्या वडिलांचा जन्म झाला त्या वेळच्या कायद्यात लग्नाच्या बायकोचं मूल बापाच्या देशाचं धरत, आणि लग्नाशिवाय झालेलं मूल आईच्या देशाचं. शिवाय पोलिश बाईने परदेशी नवऱ्याशी लग्न करून त्याचं नागरिकत्व मिळवलं की तिचं स्वतःचं जात असे. म्हणजे आजीचं लग्न कायदेशीर असेल तर सगळं तिथेच खलास. पण, त्या पुढे म्हणाल्या, त्या काळात अशी बरीच लग्नं नुसती देवळात हार घालून व्हायची, ती आमच्याकडे ग्राह्य धरत नाहीत. कागद नसेल तर तसं एक निवेदन सही करून द्या. तुमचे वडील आईचे, म्हणजे पोलिश, आणि तुम्हीही. मग त्यांनी अगदी सहज विचारलं, की लग्नाचा काही कागद तुमच्याकडे आहे का.

त्या बाईंना मराठी वाचता येत नव्हतं. भिंतीवर काय लटकलंय ते त्यांना कळणं शक्य नव्हतं. भावजींची लेक हळूच म्हणाली, “बाबा, शी इज गिव्हिंग यू अ वे आउट.” आणि मी, जिने आठ वर्षं त्यांच्या पोलंडची टिंगल केली होती तीच मी, लॅपटॉपच्या मागून दोन्ही हात हलवून त्यांना खुणावत होते, की नाही म्हणा. एवढंच काय, ओठांनी शब्दही करून दाखवला. आठ वर्षं सोसलेलं ते सूप आता वाया जाऊ नये, असं मला खरोखर वाटत होतं. भावजींनी माझ्याकडे पाहिलं. मग कॅमेऱ्याकडे पाहिलं, आणि गोदामातल्या हमालांशी बोलतात त्या इंग्रजीत सावकाश म्हणाले, “मॅडम, माय ग्रँडमदर वॉज अ मॅरीड वुमन. आय हॅव द पेपर. आय विल सेंड यू टुडे.”

लॅपटॉप मिटल्यावर पेढ्यांचा पुडा उघडायचा की नाही हे त्यांच्या बायकोला कळेना. मग भावजींनीच तो उघडला आणि ते बोलायला लागले. आजी मागे राहिली तेव्हा दोघांनी देवळातच लग्न केलं होतं. पण गल्लीत बायका तिला ठेवलेली म्हणायच्या. तेव्हा आजोबांनी तिला कचेरीत नेऊन रीतसर नोंदणी केली. तिथल्या कारकुनाने तिला समजावलं होतं म्हणे, की बाई, यावर सही केलीस तर तुझा देश सुटला. तिने सही केली. दुसऱ्या दिवशी तो कागद घेऊन ती नळावर गेली आणि सगळ्यात जास्त बोलणाऱ्या बाईच्या नाकासमोर धरला. त्या बाईला वाचता येत नव्हतं आणि आजीला मराठी, पण त्यानंतर तो शब्द कुणी काढला नाही. “तिने जे सही करून मिळवलं,” भावजी म्हणाले, “ते मी सही करून कसं घालवू?”

काही महिन्यांनी पोलंडहून नकाराचं पत्र आलं. पुढच्या उन्हाळ्यात पंचावन्न पुरी झाली, विझा कॅन्सल झाला, आणि भावजी कोल्हापूरला निघून गेले. तिकडेही ते गप्प बसलेले नाहीत. मतदार यादीत नाव घालायला गेले तर कारकुनाने रहिवासाचा पुरावा मागितला, त्यावर त्याला नागरिकत्व कायदा समजावून सांगून त्यांनी अख्खी रांग खोळंबवली. दर रविवारी ते फोन करून अशा बढाया मारतात आणि मी नेहमीसारखी त्यांना टोमणे मारते. पण फोन ठेवला की मला लाज वाटते, ही खरी गोष्ट आहे. त्या दुपारी मी त्यांच्या आजीचं लग्न दोन हातांनी पुसून टाकायला निघाले होते, आणि ते त्यांनी समोरून पाहिलं होतं. भावजींना कुठलीही गोष्ट दहादा सांगितल्याशिवाय चैन पडत नाही. ही एक त्यांनी आजवर कुणाला सांगितलेली नाही, माझ्या नवऱ्यालासुद्धा नाही.