नानांची एक वहाण

इंग्रज गेले तेव्हा भुसावळच्या गोऱ्या रेल्वे गार्डानं आपलं, शिकारीतली पाखरं उचलून आणणारं स्पॅनियल कुत्रं आमच्या शेजारच्या बागवाल्या नानांना दिलं. नाना माळकरी, केळीला राखण हवी म्हणून त्यांनी ते घेतलं. ते कुत्रं केळी चोरणाऱ्यापुढेही शेपूट हलवायचं. नाना मात्र रोज त्याच्या लोंबत्या कानांतली कुसळं वेचायचे आणि ते पाणी पिताना दोन्ही कान वर धरून बसायचे.

एके सकाळी ते केळीतून उधळत आलं, तोंडात जिवंत तितर. नानांच्या पायाशी ठेवलं, एका पिसालाही दात लागला नव्हता. मी तर उडालोच. नानांनी तितर उचलून आभाळात सोडून दिलं. कुत्रं त्यांच्या तोंडाकडे बघतच राहिलं.

दुसऱ्या दिवशी नाना म्हणाले, "भाऊ, कालपासून त्यानं भाकर खाल्ली नाही. एवढ्या हौसेनं मले आणून दिलं, अन् मी उडवून टाकलं."

बोलता बोलता त्यांनी पायातली वहाण काढली आणि केळीत लांब भिरकावली. कुत्रं सुसाट सुटलं आणि वहाण तोंडात घेऊन परत आलं.

तेव्हापासून कधीही बघा, नाना एका पायात वहाण घालून बांधावर उभे, आणि फेकून फेकून धाप मात्र त्यांनाच लागलेली.