कुंकू लावलेला करार

वसुधाताई देवस्थळी यांच्या पंचाहत्तरीच्या गौरव-अंकासाठी लेख द्यावा, असं इथल्या, अमेरिकेतल्या मराठी मंडळाकडून कळवण्यात आलं, त्यासोबत एक प्रेमळ सूचनाही होती: लेख आनंदी असावा. प्रयत्न करते. पण वसुधाताईंबद्दल लिहायचं आणि हळहळायचं नाही, हे मला साधेल असं वाटत नाही. संपादकांनी सांभाळून घ्यावं.

त्यांची माझी ओळख ऐंशीच्या दशकातली. मी स्टेट कॉलेजला नर्स प्रॅक्टिशनरचं शिक्षण घेत होते. स्वतः रोगी तपासायचा, उपचार ठरवायचा, फक्त वर एका डॉक्टरांची देखरेख असायची, असं ते काम. तेव्हा ते इतकं नवीन होतं, की मंडळातली माणसं "म्हणजे नर्सच ना?" असं विचारत आणि उत्तराची वाट न बघता ताटाकडे वळत. प्रात्यक्षिकासाठी मला डोंगरापलीकडच्या खोऱ्यातला एक दवाखाना मिळाला. तिथे वसुधाताई काम करत होत्या. पहिल्या दिवशी सकाळी त्या मला न्यायला आल्या. गाडीत बसते न बसते तोच म्हणाल्या, "सीटबेल्ट लाव. आणि काही खाल्लंयस का? नसशील खाल्लं तर डब्यात पोळीचा लाडू आहे. उपाशी माणसाला मी पेशंट दाखवत नाही."

ते खोरं गवळ्यांचं. वसुधाताई आधी गाईंची चौकशी करत, मग माणसाची. मला वाटायचं, वेळ चाललाय. पण गाईंचं बोलून झालं की मिसेस क्लाइनसारखी तोंड मिटून बसणारी बाईसुद्धा आपणहून मोजा काढायची. मधुमेहाने तिच्या पायाला जखम झाली होती आणि घरच्यांपासून ती लपवली होती. वसुधाताई दर आठवड्याला तिच्या घरी जात, जमिनीवर बसून तो पाय मांडीवर घेत. वर्षभराने पाय वाचला. तिला त्या एवढंच म्हणाल्या, "नाऊ यू कॅन किक युवर हजबंड." खडूस म्हणून ख्याती असलेल्या या बाई अशा हसवायच्या, हे मंडळातल्या किती जणांना ठाऊक असेल कोण जाणे.

दवाखाना डॉक्टर पेंडसेकाकांचा होता. काका चांगले होते, हे आधीच लिहून ठेवते. पुढे त्यांना हृदयाचा त्रास सुरू झाला, थंडी सोसेना, आणि ते दवाखाना विकून टेक्सासला मुलाकडे गेले. नव्या मालकांनी आल्या आल्या घरभेटी बंद केल्या. वसुधाताई काही महिने भांडल्या, मग राजीनामा देऊन बाहेर पडल्या. त्यांना चिंता नव्हती. शेजारच्याच गावातल्या एका वृद्ध डॉक्टरांनी त्यांच्यासाठी खोली रंगवून तयार ठेवली होती, आणि मिसेस क्लाइनने तिथे लावायला पडदे शिवले होते.

पडदे लागलेच नाहीत. नव्या मालकांच्या वकिलाची नोटीस आली. करारात कलम होतं: काम सोडल्यास दोन वर्षं तीस मैलांच्या आत रोगी तपासायचे नाहीत. दवाखान्याबरोबर करारही विकला गेला होता. अख्खं खोरं त्या तीस मैलांत होतं.

औषधाच्या बाटलीवरची बारीक अक्षरंसुद्धा दोनदा वाचणाऱ्या बाईंनी अशा कागदावर सही केलीच कशी, हे मला समजेना. मी न राहवून विचारलं. त्या म्हणाल्या, "अगं, वाचलं होतं. त्या कलमाखाली पेन्सिलीने रेघसुद्धा मारून नेली होती."

सहीसाठी काकांनी त्यांना दसऱ्याला जेवायलाच बोलावलं होतं. ताई आणि त्यांचे यजमान गेले. श्रीखंड-पुरीचा बेत. जेवणं झाल्यावर ताईंनी कागद काढला आणि "काका, एक विचारायचं होतं" एवढं म्हणेपर्यंत काकांच्या पत्नी मालतीकाकू हळदकुंकवाची कुयरी घेऊन आल्या. लग्नाच्या यादीला लावतात तसं त्यांनी करारनाम्याच्या चारी कोपऱ्यांना हळदकुंकू लावलं. कागद देवापुढे ठेवला, परत आणून ताईंच्या हातात दिला आणि म्हणाल्या, "आमच्या घरातलं पहिलं शुभकार्य हो इथलं! कर सही." काका म्हणाले, "लॉयरचं स्टँडर्ड बाड आहे ते. आपल्यात कसलं आलंय कॉन्ट्रॅक्ट? तू घरचीच."

"कुंकू लावलेल्या कागदावर खाडाखोड कशी करणार गं?" ताई मला म्हणाल्या. "काकूंचे डोळे भरून आले होते. मी पेन्सिलीची रेघ खोडली आणि सही केली." सांगताना त्यांचा आवाज चढला नाही. मला मात्र रडू आवरलं नाही.

ही चूक फक्त आपलीच माणसं करू शकतात. परक्याशी आपण पैशापैशावरून हुज्जत घालतो आणि घरचा म्हटला की बोलणी काढणंही अपमान वाटतो. कुणाचंच मन वाईट नव्हतं, आणि तरी एका बाईंचं आयुष्यभराचं काम गेलं. दोष द्यायला माणूसच सापडत नाही, याचा मला आजही राग येतो.

गोष्ट इथे संपली असती तरी गौरव करण्याजोगी होती. पण नव्या मालकांना ताईंच्या जागी कुणीतरी हवं होतं, माझं शिक्षण तेव्हा नुकतंच संपलं होतं, आणि त्यांनी मला विचारलं. मी ताडकन नाही म्हणणार होते. ताईंना कळलं तशा त्या माझ्या अपार्टमेंटवर आल्या, खुर्ची ओढून बसल्या. "तू नाही गेलीस तर क्लाइनबाईंचा पाय कोण बघणार? जायचं. पण नीट बोलून जायचं."

दुपारभर त्या नवे मालक झाल्या आणि मी मी. "इंग्लिशमध्ये बोल. मराठीत आपल्याला नाही म्हणता येत नाही," हा त्यांचा पहिला नियम. दुसरा: "त्यांच्याकडे जेवू नकोस. कॉफीसुद्धा नको." आणि तिसरा सगळ्यात अवघड: "मागणी सांगून झाली की गप्प बस. समोरचा गप्प झाला की आपल्याला अवघडल्यासारखं होतं. मग आपणच काहीतरी बोलतो आणि देऊन टाकतो." मी चारदा देऊन टाकलं. चारदा त्यांनी टेबलावर टिचकी मारून पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.

प्रत्यक्षात मी म्हणाले, "आय वोन्ट साइन विथ दॅट क्लॉज. अँड आय डू होम व्हिजिट्स." मग गप्प बसले. खिडकीबाहेर एक ट्रक दूध भरून निघून गेला तरी कुणी बोललं नाही. शेवटी मालकांनी पेन काढलं आणि कलमावर काट मारली. घरभेटी परत सुरू झाल्या. ताईंना जे मिळायला हवं होतं ते सगळं, शब्दन् शब्द, मला मिळालं. फोनवर सांगितलं तर ताई म्हणाल्या, "शाब्बास. आता जेव."

पुढे मंडळातल्या आणि मंडळाबाहेरच्या कितीतरी मुली नोकरीच्या बोलणीआधी त्यांच्या टेबलाशी बसून गेल्या. अंकातले इतर लेख ते सांगतीलच.

दोन वर्षं सरल्यावर मी त्यांना म्हटलं, "ताई, परत या. जागा तुमची आहे." त्या एक दिवस आल्या. मिसेस क्लाइन त्यांच्या गळ्यात पडली, खूप वेळ बोलली, आणि मग तपासायची वेळ झाली तेव्हा सवयीने मोजा काढून पाय माझ्यापुढे केला. ताईंनी ते पाहिलं. गाडीपाशी मला म्हणाल्या, "आता ते पेशंट तुझे झाले गं. पुन्हा हलवू नकोस त्यांना." त्यांनी शहरातल्या एका मोठ्या हॉस्पिटलात नोकरी धरली आणि निवृत्त होईपर्यंत तिथेच केली. तिथे ज्याच्या गाईंची चौकशी करावी असं कुणी नव्हतं.

मी मात्र त्या खोऱ्यात तीस वर्षं काम केलं. प्रेम मिळालं, मान मिळाला, माझ्या निवृत्तीला लोकांनी चर्चचा हॉल भरून टाकला. टाळ्या वाजत असताना मला सारखं वाटत होतं की हे सगळं त्यांचं होतं.

वसुधाताई, तुम्हाला उदंड आयुष्य मिळो, गुडघे कुरकुर न करोत, असं या अंकात सगळेच म्हणतील, मीही मनापासून म्हणते. पण माझं मागणं एवढ्यावर थांबत नाही. त्या खोऱ्यातली तुमची वर्षं तुम्हाला परत मिळोत. ती मिळणार नाहीत हे मला ठाऊक आहे, ताई. तरी मागते.