सतरा फुटांचं देऊळ

मनवेलपाड्यातल्या आमच्या बिल्डिंगच्या तळमजल्यावर सोसायटीची एक खोली आहे. रोज दुपारी तिथे आम्ही सातजणी हाऊजी खेळायचो. बक्षीस म्हणून केळ्याचे वेफर्स. बाबा गेल्यावर मी आईला गावाहून माझ्याकडे आणलं, तेव्हा ती दिवस दिवस बोलायची नाही, देवघरातली घंटासुद्धा वाजवायची नाही. या खोलीत मात्र ती हळूहळू हसायला लागली होती. म्हणून त्या खोलीवर माझा भारी जीव.

आणि नेमका आमच्या सेक्रेटरींच्या डोक्यात किडा वळवळला. देवळांना घरपट्टी माफ असते, असं त्यांनी कुठेतरी ऐकलं. लगेच भिंतीवर दत्ताची तसबीर लागली, दारात पितळी घंटा टांगली गेली आणि माफीचा अर्जही गेला.

"आता इथे फक्त पूजा. हाऊजी बंद," ते म्हणाले.

मी भडकलेच. "देवाला कशाला हवी माफी? देवळासमोरचा रस्ता, दिवे, गटार कोण बघतं? दत्तगुरू?"

"वहिनी, देवाकडून कोणी कर मागतं का?"

"देवाकडे कुठे मागतायत? आपल्याकडे मागतायत!"

आई कोपऱ्यातून म्हणाली, "जिथे भुकेल्याला दोन घास मिळतात, तिथे करावी की माफ. आपला दत्त तर परवाच आलाय." सेक्रेटरी तरातरा निघून गेले.

आम्ही कुठल्या ऐकतोय! तिकिटं पोथ्यांत लपवली आणि खेळ चालू ठेवला. आकडे दबक्या आवाजात पुकारायचे, कोणाची चाहूल लागली की दत्ताचं नाव घ्यायचं. हसू दाबून दाबून पोटात दुखायचं.

एका दुपारी ऐन रंगात सेक्रेटरी महापालिकेच्या साहेबांना घेऊन थेट आत आले. आम्ही पटापट पोथ्यांत डोकी खुपसली आणि माना डोलवायला लागलो. आईला शेवटचा एकच आकडा हवा होता. साहेबांनी टेप काढली आणि मापं मोठ्याने म्हणत वहीत लिहू लागले.

"रुंदी अकरा. लांबी... सतरा."

"फुल हाऊस!" आई पोथी उंचावून ओरडली. तिकीट भिरभिरत साहेबांच्या पायाशी पडलं.

साहेबांनी ते उचललं, वाचलं आणि खो खो हसत सुटले. "मावशी, बक्षीस तुमचं. पण नुसत्या पूजेची जागा असेल तरच माफी. इथे काही जमायचं नाही."

सेक्रेटरींनी कपाळाला हात लावला. आईने कमरेचा बटवा सोडला. "घरपट्टीतला माझा वाटा आत्ताच घ्या हो. लबाडीने बसवलेल्या देवासमोर मला मोकळं हसता येत नव्हतं."

मग ती उठली, दाराशी गेली आणि तिने ती पितळी घंटा घणाघणा वाजवली. बाबा गेल्यापासून पहिल्यांदा. हसता हसता मला रडू आवरेना.